खुब्याच्या पुनर्रोपणातील शस्त्रमार्ग व त्यांचे परिणाम : एक समीक्षा

१

खुब्याचा कृत्रिम सांधा एकदा बसविला म्हणजे प्रश्न संपला, असे रुग्णास वाटत असले तरी शल्यविशारदास तसे वाटून चालत नाही. बसविलेला सांधा काही वर्षांनी सैल होतो, झिजतो, वारंवार निखळतो, त्यात जंतुदोष शिरतो किंवा त्याच्या भोवतीचे हाड मोडते. आणि मग तो काढून त्याच्या जागी दुसरा बसवावा लागतो. या दुसऱ्या शस्त्रक्रियेस प्रस्तुत लेखात ‘पुनर्रोपण’ व पहिलीस ‘प्रथमरोपण’ असे म्हटले आहे. पुनर्रोपण करताना सांध्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचावे, कोणते स्नायू बाजूस सारावेत व कोणते कापावेत, मांडीचे हाड उघडावे की उघडू नये, यांविषयी गेल्या साठ वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनातील निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावेत, आणि विशेषतः आपल्याकडील रुग्णांस ते कितपत लागू पडतात, हे पाहणे हा या समीक्षेचा हेतू होय.

समीक्षेस एखादी कसोटी लागते. आम्ही ती पुणतांब्याची घेतली आहे. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधिस्थानामुळे जुन्या काळापासून, आणि १ जून २०१७ रोजी तेथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे अलीकडे, साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात असून दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि शिर्डीस संस्थानची रुग्णालये याच तालुक्यात आहेत. म्हणजे हे गाव वैद्यकीय सोयींपासून तुटलेले, असे म्हणता येत नाही. आणि म्हणूनच आम्ही ते निवडले. जेथे रुग्णालयच नाही तेथील रुग्णाची उपेक्षा समजण्यासारखी आहे. परंतु जेथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे तेथील रुग्णही जर आपल्या शास्त्रीय वाङ्मयाच्या हिशेबात येत नसेल, तर दोष अंतराचा नसून हिशेबाच्या रीतीचा आहे, असे म्हणावे लागते.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : शस्त्रमार्गांच्या तुलनेतून निघालेले बरेचसे निष्कर्ष हे मार्गांच्या गुणदोषांपेक्षा रुग्णांच्या निवडीचे आणि मोजमापाच्या साधनांचे निष्कर्ष आहेत. ते जसेच्या तसे स्वीकारल्यास आपण दुसऱ्या कोणाच्या तरी जीवनास योग्य अशी शस्त्रक्रिया आपल्या रुग्णावर करू.

२

प्रथम मार्गांचा परिचय. सर जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे धातूचा लहान गोळा व पॉलिथिलीनची वाटी यांचा सांधा बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी ट्रोकँटर, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरील उंचवटा, कापून वर उचलण्याची पद्धत अवलंबिली. या उंचवट्यास ग्लुटिअस मिडियस व मिनिमस हे स्नायू चिकटलेले असतात. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूस कलू न देण्याचे काम हे स्नायू करतात. ट्रोकँटर उचलल्याने सांधा चोहोबाजूंनी उघडा पडतो. मात्र शेवटी तो तारांनी पूर्ववत बसवावा लागतो, आणि न जुळल्यास स्नायू त्यास वर ओढून नेतात. मग रुग्ण लंगडतो आणि सांधा निखळण्याचा संभवही वाढतो.

ट्रोकँटर न कापता पोचण्याचे मार्ग तीन. पाठीमागचा मार्ग अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी १९५० च्या दशकात विशेष रूढ केला. त्यात ग्लुटिअस मॅक्सिमसच्या तंतूंमधून जाऊन पाय बाहेर वळविणारे आखूड स्नायू कापले जातात; ग्लुटिअस मिडियस शाबूत राहतो. हा मार्ग वर आणि खाली दोन्हीकडे लांबविता येतो, हे पुनर्रोपणाच्या दृष्टीने त्याचे मोठे बल होय; सायटिक मज्जातंतूचे सान्निध्य आणि मागील बाजूस येणारे दौर्बल्य हे त्याचे उणेपण. बाजूचा मार्ग केव्हिन हार्डिंज यांनी १९८२ मध्ये वर्णिला. त्यात ग्लुटिअस मिडियसचा पुढील भाग खालच्या व्हास्टस लॅटरॅलिसशी अखंड ठेवून पुढे सारला जातो. मागील आवरण अभंग राहते. परंतु ज्या स्नायूवर चाल अवलंबून आहे त्यालाच हात लागतो, आणि छेद ट्रोकँटरच्या टोकापासून सुमारे ५ सेंटिमीटरच्या वर गेल्यास त्या स्नायूच्या मज्जातंतूस इजा पोचण्याचे भय असते. पुढील मार्ग सार्टोरिअस व टेन्सर फॅशिया लॅटा या दोन स्नायूंच्या मधून जातो. त्यात स्नायू कापावा लागत नाही, वाटीकडे दृष्टी चांगली पोचते. परंतु मांडीच्या हाडात रुतून बसलेला दांडा काढावयाचा झाल्यास हा मार्ग अपुरा पडू लागतो.

पुनर्रोपणाचे खरे दुखणे या दांड्यातच असते. प्रथमरोपणात शरीररचना जागच्या जागी असते. पुनर्रोपणात जुन्या व्रणाची गाठ, हाडाची झीज, तुटके सिमेंट आणि घट्ट अथवा वाकडा बसलेला दांडा यांतून वाट काढावयाची असते. वरून ओढून तो निघाला नाही आणि बळ लावले तर हाड मोडते. यावर उपाय म्हणून १९८७ मध्ये दोन विचार पुढे आले. ग्लासमन, एंग व बॉबिन यांनी ट्रोकँटर कापताना वरचा ग्लुटिअस मिडियस व खालचा व्हास्टस लॅटरॅलिस हे दोन्ही त्यास चिकटलेले ठेवून तो पुढे सरकविण्याची रीत सांगितली; खालच्या स्नायूची ओढ असल्याने तुकडा सहसा वर पळत नाही. त्याच वर्षी जर्मनीतील वाग्नर यांनी मांडीचे हाडच पुढून उघडून दांडा काढण्याचा व लांब निमुळता दांडा खाली घट्ट बसविण्याचा मार्ग मांडला. यंगर, पाप्रोस्की व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये या विचारास आटोपशीर रूप दिले. तोच आजचा ‘विस्तारित ट्रोकँटर-अस्थिच्छेद’ होय. हाडाच्या परिघाचा सुमारे एक-तृतीयांश भाग, साधारणतः १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा, ट्रोकँटर व स्नायूंसह पेटीच्या झाकणासारखा उघडला जातो. दांडा व सिमेंट डोळ्यांदेखत काढले जाते. आणि नवा दांडा छेदाच्या खालच्या टोकापलीकडे निरोगी हाडात रोवून झाकण तारांनी बांधले जाते.

आपल्याकडे या पद्धतीस एक खास क्षेत्र आहे. वृद्धांच्या खुब्याजवळील अस्थिभंगासाठी ऑस्टिन मूर यांचा अर्धा सांधा भारतात दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याच्या दांड्यास खिडक्या असतात व त्यांतून हाड वाढावे अशी योजना असते. पुढे वाटीची कूर्चा झिजून किंवा दांडा खाली रुतून दुखू लागले की तो काढावा लागतो. आणि तेव्हा त्या खिडक्यांतून वाढलेले हाडच दांडा सोडत नाही. अशा ठिकाणी वरून हातोडीने ठोकण्यापेक्षा हाड विचारपूर्वक उघडणे हितावह असते. उलट, सिमेंटचा जुना थर हाडाशी घट्ट असून केवळ दांडाच बदलावयाचा असेल, तर त्याच थरात नव्या सिमेंटने नवा दांडा बसविता येतो आणि हाड उघडण्याचे कारणच उरत नाही. मार्गाची निवड ही अशी अडचणीच्या स्वरूपावर अवलंबून असते. ही साधी गोष्ट पुढील विवेचनाचा पाया आहे.

३

आता परिणामांकडे वळू. शस्त्रमार्गाचा निवाडा बहुधा सांधा निखळण्याच्या प्रमाणावरून केला जातो. वू आणि मोरी यांनी १९८२ मध्ये मेयो क्लिनिकमधील १०,५०० सांध्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला तो आजही आवर्जून उद्धृत होतो. त्यात एकूण ३.२ टक्के सांधे निखळले. पूर्वी शस्त्रक्रिया न झालेल्या खुब्यांत हे प्रमाण २.४ टक्के, तर पूर्वी झालेल्यांत ४.८ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट होते. पाठीमागच्या मार्गाने बसविलेल्यांत ५.८ टक्के व पुढील-बाजूच्या मार्गाने बसविलेल्यांत २.३ टक्के, हा त्यातील दुसरा निष्कर्ष. या एका आकड्याने पाठीमागच्या मार्गास जो कलंक लागला तो पुष्कळ वर्षे पुसला गेला नाही.

परंतु १९९८ मध्ये पेलिची, बॉस्ट्रॉम व पॉस यांनी दाखवून दिले की मार्ग तोच ठेवून सांध्याचे मागील आवरण व आखूड स्नायू नीट परत शिवले, तर एका शल्यविशारदाच्या रुग्णांत निखळण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून शून्यावर आणि दुसऱ्याच्या रुग्णांत ६.२ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर येते. ही तुलना आधीच्या व नंतरच्या रुग्णांची आहे. त्यामुळे अनुभवाने हात सुधारल्याचा वाटा तीत मिसळलेला असणे शक्य आहे. तथापि तिचा मथितार्थ निर्विवाद आहे. जो दोष वाटेचा म्हणून समजला जात होता, त्यातील मोठा भाग परत येताना दार उघडे ठेवण्याचा होता.

हे प्रथमरोपणाबद्दल झाले. पुनर्रोपणात मात्र शिवावयास आवरणच उरलेले नसते. व्रणाची जाड ऊती काढून टाकावी लागते. आल्बर्टन, हाय व मोरी यांनी २००२ मध्ये १,५४८ पुनर्रोपणांचा आढावा घेतला, त्यांत ७.४ टक्के सांधे निखळले. मोठा गोळा व उंच कडेची वाटी यांनी हे प्रमाण घटते, आणि ट्रोकँटर न जुळल्यास ते वाढते, असे त्यांस आढळले. हा शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी ग्लुटिअस मिडियस व त्याचे हाडावरील मूळ शाबूत राहिले की नाही, यावर सांध्याचे स्थैर्य अवलंबून असते. मार्गांची नावे चार असतील. प्रश्न एकच आहे.

विस्तारित अस्थिच्छेदाच्या बाजूने जे पुरावे दिले जातात त्यांत पाप्रोस्की व सहकाऱ्यांचा २००१ मधील १६६ सांध्यांचा आढावा प्रमुख आहे. सरासरी पावणेचार वर्षांच्या पाहणीत जवळजवळ सर्व छेद जुळून आल्याचे त्यांनी नोंदविले. पद्धतीची शक्यता या आढाव्याने सिद्ध होते, यात संशय नाही. पण ज्यांनी ती पद्धत रूढ केली त्यांच्याच हातचे हे फळ आहे, आणि जुळलेले हाड म्हणजे बरा झालेला रुग्ण नव्हे, या दोन गोष्टी विद्यार्थ्याने विसरता कामा नये. हाड जुळेपर्यंत सहा ते बारा आठवडे त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. वॉकरच्या आधाराने फरशीवर चालणाऱ्यास ही सूचना पाळता येते. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यास, जेथे अंगण ओबडधोबड आहे आणि शौचालय घराबाहेर आहे, ती कितपत पाळता येते, याचा विचार छेदाच्या क्ष-किरणचित्रात दिसत नाही.

४

या सर्व वाङ्मयातील मूळ उणीव निवडीची आहे. शल्यविशारद मार्ग निवडतो तो चिठ्ठी टाकून नव्हे. समोरच्या अडचणीकडे पाहून निवडतो. केवळ वाटीचे अस्तर बदलावयाचे असेल तर तो आखूड वाट धरतो. दांडा घट्ट असेल, हाड वाकले असेल, जंतुदोष असेल, तर हाड उघडतो. मग अस्थिच्छेद झालेल्या रुग्णांत रक्तस्राव अधिक झाला, सांधे अधिक निखळले, रुग्णालयातील मुक्काम लांबला असे आढळले, तर तो दोष छेदाचा की ज्या अडचणीमुळे छेद करावा लागला तिचा? उलटपक्षी पुढील मार्गाने केलेल्या पुनर्रोपणांचे परिणाम उत्तम आले, तर ते त्या मार्गाचे श्रेय की सोपे रुग्णच त्या मार्गाकडे वळविल्याचे? असे आढावे वाचताना मार्ग हे कारण आणि परिणाम हे कार्य, असा संबंध गृहीत धरला जातो. वस्तुतः दोहोंच्या मागे रोगाची अवस्था हे तिसरे कारण उभे असते, आणि जोपर्यंत हाडाच्या हानीची प्रत, पूर्वीच्या शस्त्रक्रियांची संख्या व स्नायूंची अवस्था समान असलेले रुग्ण परस्परांशी ताडून पाहिले जात नाहीत, तोपर्यंत तुलना ही केवळ भासमान राहते.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की पुनर्रोपणात दोन रुग्ण सारखे नसतातच, मग तुलना करावयाचीच नाही काय? आक्षेप रास्त आहे. आमचे म्हणणे तुलना सोडून द्यावी असे नाही. ‘कोणता मार्ग श्रेष्ठ’ हा प्रश्न सोडून ‘या अडचणीत कोणत्या मार्गाने काय गमवावे लागते’ हा प्रश्न धरावा, असे आहे. पहिला प्रश्न पक्षाभिमान वाढवितो. दुसरा रुग्णास उपयोगी पडतो.

५

दुसरी उणीव मोजमापाच्या साधनांची. विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये सांगितलेले गुणपत्रक आजही आपल्याकडील प्रबंधांत सर्रास वापरले जाते. त्याचे १०० गुण असे वाटलेले आहेत : वेदनेस ४४, कार्यक्षमतेस ४७, विकृतीच्या अभावास ४ आणि हालचालीच्या आवाक्यास ५. कार्यक्षमतेत बसण्यासाठी ५ गुण आहेत; ते साध्या खुर्चीवर एक तास आरामात बसता आले की पूर्ण मिळतात. बूटमोजे घालण्यास ४ गुण आहेत. १९९६ मध्ये आलेल्या ऑक्सफर्डच्या बारा प्रश्नांतही जेवणानंतर खुर्चीवरून उठताना किती दुखते, असे विचारले आहे. ही साधने ज्या समाजासाठी घडली त्या समाजास ती यथायोग्य आहेत. त्यांच्या कर्त्यांस दोष देण्याचे कारण नाही. दोष आपला आहे. पुणतांब्याच्या शिवारात उसाची व कांद्याची खुरपणी करणारी स्त्री, पहाटे उकिडवे बसून गाईची धार काढणारा शेतकरी, पंगतीत मांडी घालून बसणारा वारकरी, यांना आपण खुर्चीचे पाच गुण देतो आणि ‘परिणाम उत्कृष्ट’ असे लिहितो. ज्यासाठी त्यांना पाय हवा होता त्या गोष्टीस त्या पत्रकात रकानाच नाही.

येथे शस्त्रमार्गाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, आणि तो केवळ सामाजिक नसून शुद्ध यांत्रिक आहे. पाठीमागच्या मार्गानंतर धोका असतो तो मांडी पोटाशी वाकवून, आत घेऊन, आतल्या बाजूस वळविण्याचा. बाजूच्या अथवा पुढील मार्गानंतर पाय मागे नेऊन बाहेर वळविण्याचा. आता आपल्याकडील बैठकींचे पृथक्करण करून पाहू. मांडी घालताना खुबा वाकतो, पण तो बाहेर फाकतो व बाहेरच वळतो. उकिडवे बसताना तो अतिशय वाकतो आणि गुडघे जवळ आणल्यास आतही येतो. पाय एका बाजूस दुमडून बसण्याची जी रीत स्त्रियांत विशेष आढळते, तीत एका बाजूचा खुबा वाकून आत वळलेला असतो. म्हणजे पाठीमागच्या मार्गाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास ही तिसरी बैठक व उकिडव्यावरून गुडघे जुळवून उठणे हे सर्वांत घातक, मांडी घालणे त्या मानाने कमी. ती निर्धोक आहे असे मात्र नव्हे. वाटीची कड व दांड्याची मान एकमेकांवर आदळण्याचा संभव तीतही असतो, आणि वाटी कोणत्या कोनात बसविली आहे यावर तो अवलंबून राहतो. असे असूनही रुग्णास घरी पाठविताना ‘खाली बसू नका’ एवढीच सरसकट आज्ञा दिली जाते. रुग्ण ती काही दिवस पाळतो. पुढे गरजेपोटी मोडतो. आणि मोडताना कोणती बैठक कमी घातक हे त्यास कोणी सांगितलेले नसते. मार्गानुसार बैठकीची सूचना बदलली पाहिजे, हा अगदी प्राथमिक निष्कर्षही आपल्या प्रबंधांतून क्वचितच मांडलेला दिसतो.

६

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे : जे रुग्ण परत आलेच नाहीत त्यांची. सांध्याच्या आयुर्मानाचा आलेख काढताना परत न आलेला रुग्ण इतरांसारखाच आहे असे गृहीत धरले जाते. मरे, ब्रिटन व बुलस्ट्रोड यांनी १९९७ मध्ये हे गृहीतक तपासले, आणि हरवलेल्या रुग्णांची स्थिती परत येणाऱ्यांहून वाईट असते, असे दाखविले. स्वीडनने १९७९ पासून आणि इंग्लंड व वेल्सने २००३ पासून राष्ट्रीय नोंदवह्या ठेवल्या त्या या उणिवेवर उपाय म्हणूनच. परंतु त्या नोंदवह्यांतही अपयश म्हणजे मुख्यत्वे पुन्हा झालेली शस्त्रक्रिया. निखळलेला सांधा भूल देऊन बाहेरूनच बसविला, किंवा रुग्ण जन्मभर लंगडत राहिला, तर तो आलेखात यशस्वीच राहतो. आणि ज्यास दुसरी शस्त्रक्रिया हवी होती पण खर्चापायी त्याने ती केली नाही, तोही यशस्वी. श्रीमंत देशात या दोषाचे परिणाम मर्यादित असतील; आपल्याकडे न परवडणे हेच यशाचे एक कारण होऊन बसते.

ही भीती काल्पनिक नाही. डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. जगात असे सुमारे ९३,००० सांधे बसविले गेले होते. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीत त्यांच्यापैकी सुमारे १२ ते १३ टक्के सांधे पाच वर्षांतच बदलावे लागल्याचे दिसून आले होते. म्हणजे दोष उघडकीस आला तो नोंदवहीमुळे. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने शोध घेतला तेव्हा त्यांतील सुमारे ३,६०० रुग्णांचा माग लागू शकला नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील महागड्या सांध्यांची ही कथा. मग तालुक्याच्या गावी बसविलेल्या मूरच्या अर्ध्या सांध्यांचे काय झाले, हे कोणी व कसे सांगावे?

या प्रकरणाचा शस्त्रमार्गाशीही निकटचा संबंध आहे. घासून निघालेल्या धातूच्या कणांनी भोवतालच्या ऊतींत सूज व गाठी निर्माण होतात आणि ज्या ग्लुटिअस मिडियसचा आपण सतत उल्लेख करीत आहोत तोच स्नायू नष्ट होऊ शकतो. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये अशा गाठींमुळे केलेल्या पुनर्रोपणांचे परिणाम इतरांहून निकृष्ट असल्याचे नोंदविले. तेथे शल्यविशारदाने कितीही कोमल वाट धरली तरी वाचविण्याजोगे थोडेच उरलेले असते. परिणाम शस्त्रमार्गाने ठरला नाही. रुग्ण वेळेवर परत आला की नाही, यावरून ठरला. मागावर असलेला रुग्ण आणि हरवलेला रुग्ण यांतील अंतर हे कोणत्याही दोन शस्त्रमार्गांतील अंतराहून मोठे आहे.

७

येथवरच्या विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. पदव्युत्तर प्रबंधाचा काळ अल्प असतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात रुग्ण पाहण्यास दीड-दोन वर्षेच मिळतात. एवढ्या अवधीत सांध्याचे आयुष्य मोजता येत नाही, आणि मोजल्याचा आव आणू नये. परंतु याच अवधीत ज्या गोष्टी प्रामाणिकपणे मोजता येतात त्या मोठ्या मोलाच्या आहेत. पूर्वीचा व्रण कोणत्या मार्गाचा होता. उघडल्यावर ग्लुटिअस मिडियस कोणत्या अवस्थेत आढळला. दांडा काढण्यास काय करावे लागले. मागील आवरण शिवता आले की नाही. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर एका पायावर उभे राहिल्यास कंबर कलते काय, या पाच गोष्टी प्रत्येक पुनर्रोपणाच्या टिपणात असाव्यात. त्या असतील तर दहा वर्षांनी दुसरा कोणी अभ्यासक समान अडचणींचे रुग्ण एकत्र करून खरी तुलना करू शकेल. त्या नसतील तर सांध्यांची संख्या कितीही मोठी असली तरी ती निरुपयोगी.

हॅरिसचे गुणपत्रक टाकून देऊ नये. परदेशीय वाङ्मयाशी तुलनेसाठी ते लागतेच. पण त्याच्या शेजारी आपला एक रकाना उघडावा. रुग्ण जमिनीवर कसा बसतो, कशाचा आधार घेऊन उठतो, किती वेळ उकिडवा राहू शकतो, पूर्वीचे कोणते काम त्याने सोडले, हे त्यास विचारावे व स्वतः पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी विचारले तर मार्ग, वाटीचा कोन व गोळ्याचा आकार ठरविण्यास त्याचा उपयोग होतो; नंतर विचारले तर परिणामाचा खरा अर्थ कळतो. दोन्ही वेळा विचारले तर ते संशोधन होते.

आणि अखेरची सूचना : भारतीय खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने सुरू केलेली नोंदवही स्वेच्छेवर चालते, तिचा प्राथमिक अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा नोंदवहीस जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती पुरविणे हे काम मोठ्या शहरांतील नामांकित शल्यविशारदांवर सोडून भागणार नाही. लोणीसारख्या ठिकाणचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या तालुक्यातील प्रत्येक कृत्रिम खुब्याची यादी ठेवू शकते, आणि वर्षातून एकदा निवासी डॉक्टर गावात जाऊन रुग्णास पाहू शकतो. पुणतांब्याच्या रुग्णाने रुग्णालयात यावे अशी वाट पाहण्यापेक्षा हे अधिक स्वस्त व अधिक शास्त्रीय आहे.

शस्त्रमार्ग हा सांध्यापर्यंत पोचण्याचा मार्ग असतो. तेथवर पोचण्याची विद्या गेल्या साठ वर्षांत पुष्कळ प्रगत झाली, आणि ज्यांनी ती वाढविली त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णापर्यंत पुन्हा पोचण्याचा मार्ग आपण अद्याप आखलेला नाही. तो आखला जाईपर्यंत कोणत्या छेदाचे परिणाम चांगले, या प्रश्नास आपण दिलेली उत्तरे ही परत आलेल्यांपुरतीच खरी आहेत, एवढे तरी प्रत्येक प्रबंधाच्या अखेरीस स्पष्टपणे लिहिले जावे.